कला-अनुदानाबाबत नेत्याचे तत्त्व कसे तपासावे

करदात्यांच्या पैशातून कलेला अनुदान द्यावे की नाही, याविषयी नेता जे बोलतो त्यापेक्षा त्याने सभागृहात कोणत्या बाजूने मत दिले, हे आधी पाहावे. मतदानाची नोंद कामकाजाच्या इतिवृत्तात सापडली, तर ती त्याच्या भाषणाशेजारी ठेवून वाचावी.

त्यानंतर आक्षेप नेमका कशाला आहे, हे वेगळे काढावे. सरकारने कलेवर खर्चच करू नये, ही एक भूमिका झाली; अमुक कलाकृतीवर करू नये, ही अगदी निराळी. अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलेला सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या कायद्यात १९९० साली अनुदान देताना सभ्यतेच्या सर्वसाधारण निकषांचा विचार करण्याची तरतूद घालण्यात आली आणि १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अशा तरतुदीची बाजू घेणाऱ्याची हरकत निव्वळ खर्चाला नसून आशयालाही असते, आणि तसे त्याने स्पष्ट सांगायला हवे.

खरी कसोटी मात्र आपल्या माणसांच्या वेळी लागते. खर्चाला तत्त्वतः विरोध करणारा नेता स्वतःच्या मतदारसंघातील नाट्यगृहासाठी निधी मागतो का, आणि कलास्वातंत्र्याचा कैवारी स्वतःच्या पक्षावर टीका करणाऱ्या नाटकाचे अनुदान रद्द होताना गप्प बसतो का, हे त्यांना लेखी विचारावे. निवड समितीचे सदस्य कोण नेमतो आणि त्यांचा निर्णय मंत्र्याला फिरवता येतो का, हा प्रश्नही त्याच पत्रात घालावा.