सरकत्या सेव्हन्थ कॉर्ड्स: ग आणि नी कुठल्या बोटाखाली आहेत?

गिटारवर सेव्हन्थ कॉर्ड्सचे (सा, ग, प, नी हे चार स्वर एकत्र वाजणाऱ्या कॉर्ड्सचे) तक्ते पाठ करत बसायची गरज नाही. मोकळी (बोटाने न दाबलेली) तार नसलेला एक आकार हाताला बसला की तो फ्रेटबोर्डभर, म्हणजे फ्रेटच्या पट्ट्या बसवलेल्या दांडीभर, सरकवता येतो. मात्र त्यातले सा, ग, प, नी कुठे आहेत हे माहीत हवं.

आधी मूळ स्वर, म्हणजे कॉर्डचा सा, पक्के करा. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटला जी, ए, बी. पाचव्या तारेवर तिथेच सी, डी, ई. बाकीचे हळूहळू येतील.

आता जी मेजर सेव्हन्थ धरा. तर्जनी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (सा), अनामिका चौथ्या तारेच्या चौथ्यावर (शुद्ध नी), करंगळी तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर (शुद्ध ग), मध्यमा दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर (प). पाचवी तार वाजू द्यायची नाही: तर्जनीचं टोक किंचित पुढे नेऊन तिला नुसतं टेकवा. पहिली तार छेडू नका. एकेक तार वाजवून बघा. खरखर येत असेल तर बोट फ्रेटच्या पट्टीजवळ घ्या. हाच आकार दोन फ्रेट पुढे नेला की ए मेजर सेव्हन्थ.

पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नी एक फ्रेट मागे घ्या, म्हणजे कोमल करा: जी सेव्हन्थ. मग ग कोमल करा: जी मायनर सेव्हन्थ. आता चारही स्वर तिसऱ्याच फ्रेटवर आले, तेव्हा सहाव्या तारेवर मध्यमा ठेवून बाकी तिन्हींवर अनामिका आडवी टाका. प्रत्येक वेळी बदललेला स्वर गाऊन बघा. कॉर्डचा रंग ग आणि नी ठरवतात, प गाळला तरी चालतो. काउंट बेसींच्या जॅझ वाद्यवृंदात 1937 पासून ऱ्हिदम (ताल धरणारी) गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन मधल्या तारांवरच्या मोजक्या स्वरांवर सगळा ताल पेलायचे.

पाचव्या तारेवरून सी मेजर सेव्हन्थ: पाचव्या तारेपासून दुसरीपर्यंत फ्रेट 3, 5, 4, 5, म्हणजे सा, प, नी, ग. इथे नी तिसऱ्या तारेवर आहे आणि ग दुसऱ्या. कोमल करायची रीत तीच.

दोन्ही आकार जोडायला डी मायनर सेव्हन्थ (पाचव्या तारेपासून 5, 7, 5, 6), जी सेव्हन्थ, सी मेजर सेव्हन्थ असं वाजवा. पहिल्या दोन कॉर्ड्सना चार-चार मात्रा, शेवटचीला आठ. तिसऱ्या तारेकडे कान ठेवा: डीचा कोमल नी पाचव्या फ्रेटवरून चौथ्यावर उतरतो आणि जीचा ग होतो. पुढे सी आली की तोच स्वर, तिथेच, शुद्ध नी म्हणून वाजतो. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 मात्रांवर, ठेवा आणि हे न अडखळता जमलं की सगळं दोन फ्रेट पुढे सरकवा.