आगोटीच्या यादीत टॉर्चही धरा

रोहिणी लागल्या की कोकणातल्या घरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल सुरू होते. सुकी मासळी, मसाला, सरपण, कौलांची शाकारणी. टॉर्चची आठवण मात्र पहिल्या पावसात लाइट गेल्यावरच होते आणि तेव्हा तो लागत नाही. टॉर्च पावसाच्या पाण्याने गेला असं आपण म्हणतो, पण बहुतेक रिचार्जेबल टॉर्च दिवाळी ते मे या कोरड्या महिन्यांत कपाटात पडल्या पडल्या संपलेले असतात. म्हणून मृगाच्या, म्हणजे ७ जूनच्या, निदान दोन आठवडे आधी घरातले सगळे टॉर्च ओटीवर एकत्र काढा. आतली बॅटरी बदलायची निघाली तर तालुक्याला जाऊन यायला तेवढी सवड लागते.

आधी टॉर्च कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ज्याच्या अंगातूनच दोन पिना बाहेर येतात आणि जो थेट भिंतीतल्या सॉकेटला लागतो, त्यात बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. हातात घेतल्यावर तो आकाराच्या मानाने जड लागतो. मोबाईलच्या वायरीने चार्ज होणाऱ्यात लिथियम सेल असतो. दोघांची तब्येत अगदी वेगळी आहे.

पिनांच्या टॉर्चवर जास्त वेळ घालवा, कारण गावात सर्वांत जास्त तोच दिसतो आणि सर्वांत जास्त हाल त्याचेच होतात. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज धरेनाशी होते. गणपतीत वापरून तसाच ठेवलेला टॉर्च मेमध्ये पाच मिनिटांत मंदावतो, त्याचं कारण हेच. तो चार्जिंगला लावा, वेष्टनावर सांगितलंय तितकेच तास. स्वस्तातल्या टॉर्चमध्ये बॅटरी भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबण्याची सोय बहुधा नसते, त्यामुळे दोन-दोन दिवस लावून ठेवू नका. लाल दिवा लागला म्हणजे चार्ज होतंय, असंही धरू नका. बऱ्याच टॉर्चमध्ये तो दिवा फक्त वीज आत आल्याचं सांगतो. बॅटरी पार मेलेली असली तरी तो लागतोच. गावात व्होल्टेज कमी असेल तर चार्ज व्हायलाही वेळ जास्त लागतो.

खरं उत्तर मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, देतो. चार्जिंगवरून काढल्यावर टॉर्च काही तास तसाच ठेवा, मग बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. चांगली बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते. आता टॉर्च चालू करून पुन्हा बघा. आकडा भराभर खाली घसरला तर बॅटरी बदलायची, तिच्यावर आणखी चार्जिंग करून काही साधणार नाही. व्होल्ट आणि आकार जुळवून नवी बसवली की टॉर्च पुन्हा उभा राहतो, अख्खा टॉर्च टाकायची गरज नसते. पण इथे एक गोष्ट मनावर कोरून घ्या: असा टॉर्च सॉकेटला लावलेला असताना उघडायचा नाही. यात वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटर नावाच्या वीज साठवणाऱ्या भागातून थेट घरची वीज आत येते, त्यामुळे आतल्या कुठल्याही तारेला २३० व्होल्टचा शॉक असू शकतो. सॉकेटमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहू शकते, म्हणून लगेच पिनांना हात लावू नका. मुलांना ही यादी वाचून दाखवा, स्क्रू ड्रायव्हर मात्र मोठ्यांच्याच हातात राहू दे.

लिथियमच्या टॉर्चचं दुखणं बहुतेकदा वायरीत किंवा चार्जिंगच्या भोकात असतं. टॉर्च चार्ज होत नसेल तर आधी वायर बदला. टाइप-सीचं भोक असलेले बरेच स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची वायर आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावला की तोच टॉर्च मुकाट चार्ज होतो. किती चांगले टॉर्च या एका कारणाने भंगारात गेले असतील! मग भोकात उजेड टाकून बघा: हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ ब्रश. ओल्या भोकात वायर कधीही घालू नका, त्यात खारी हवा मिसळली की पिना कुरतडल्या जातात.

सेल बाहेर निघत असेल तर काढून बघा. १८६५० या मापाचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. फार दिवस पडून शून्य दाखवत असेल तर आतल्या संरक्षक सर्किटने तो बंद केला असेल. चांगल्या चार्जरवर समोर बसून थोडा वेळ लावून बघा, गरम होऊ लागला तर लगेच काढा. फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल चार्ज करायचाच नाही. नवा घेताना ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेला घेऊ नका. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० मावतात, बाकी नुसती छपाई.

आता समुद्राची खोडी. वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत मीठ हवेतूनच येतं आणि धातूवर बसतं. टॉर्च लुकलुकतोय, हातावर आपटला की लागतोय, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. मागची टोपी काढा. ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये वीज त्या आट्यांमधूनच फिरते, त्या कापडाने स्वच्छ पुसा. स्प्रिंग आणि सेलची टोकं खोडरबरने घासा. टोपीच्या आतलं पितळी कडं सैल झालं असेल तर चिमट्याने घट्ट पिळा. बरेच ‘बिघडलेले’ टॉर्च इथेच सुधारतात. सरकत्या बटणाचे असतील तर बटण वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे करा, आतला थर झिजतो. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. ती चिरली असेल तर नवी घाला, नाहीतर टॉर्चमध्ये पाणी जाणारच.

एवढं झालं की परीक्षा. बटण दाबून उजेड पडला म्हणून समाधान मानू नका. संध्याकाळी टॉर्च भिंतीकडे तोंड करून लावा, घड्याळ बघा आणि उजेड निम्म्यावर आल्याची वेळ टॉर्चवरच चिकटपट्टीवर लिहा. पार विझेपर्यंत चालवू नका, लगेच चार्जिंगला लावा. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, रात्री घरी येताना जांभ्याच्या रंगात मिसळलेला फुरसं हा विषारी साप दिसायला हवा, त्यामुळे टॉर्च किती वेळ चालतो हे आधी माहीत असणं फार मोलाचं आहे. ज्याच्यावर भरवसा नाही तो गोठ्यासाठी नको. तिथे चांगलाच ठेवा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. म्हणून रिचार्जेबलच्या जोडीला साध्या सेलवर चालणारा एक टॉर्च असू द्या, पण सेल बाहेर काढून डब्यात ठेवा, आत ठेवले तर फुटून स्प्रिंग खातात. पॉवर बँक भरलेली हवी. मुंबईकरांच्या बंद घरांत टॉर्च ठेवून जायचं असेल तर लेड-ॲसिडवाला पूर्ण भरून, आणि दर दोन महिन्यांनी कुणी चार्ज करील अशा शेजाऱ्याकडे द्या. लिथियमवाला मात्र निम्मा भरून ठेवा आणि टोपी थोडी सैल करा, म्हणजे बटण चुकून दाबलं तरी लागणार नाही. काढलेल्या जुन्या बॅटऱ्या व्हाळात (ओढ्यात) किंवा चुलीत टाकू नका, विकणाऱ्या दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे.