जुन्या बुलेटचा कार्बोरेटर उघडण्यापूर्वी फेरे मोजून ठेवा

कोल्हापूरच्या पावसाळ्यात महिनोन्महिने उभी राहिलेली जुनी बुलेट कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ केल्यावरही आयडलिंग धरत नाही, म्हणजे एक्सिलरेटर न देता चालू राहत नाही, तेव्हा बऱ्याचदा खोलताना हरवलेले मूळ सेटिंग त्याला कारणीभूत असते. म्हणून मिककार्ब, म्हणजे जुन्या बुलेटचा कार्बोरेटर, उघडण्यापूर्वी एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) हलक्या हाताने आत फिरवून, तो टेकेपर्यंत किती फेरे झाले ते कागदावर लिहावे आणि स्लाइड (एक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारा भाग) बाहेर काढल्यावर तिच्यातील नीडलची, म्हणजे सुईची, क्लिप वरून कितव्या खाचेत आहे, हेही नोंदवावे. जोडणी करताना तेच आकडे परत आणावेत. नोंद राहून गेली असल्यास स्क्रू टेकवून दीड फेरा सैल करावा आणि इंजिन तापल्यावर बारीक फेरफार करावा.

पायलट जेट (आयडलिंगसाठी पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा पितळी भाग) चोंदलेला असेल तर तो साफ करायला विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याची एकच तार वापरावी. पोलादी टाचणीने पितळेचे छिद्र मोठे होते, आणि मग नवा जेट शोधत उद्यमनगरच्या औद्योगिक वसाहतीत फिरावे लागते.

क्लीनरचा फवारा मारण्यापूर्वी रबरी ओ-रिंग (सांधे बंद ठेवणारी गोल कडी) मात्र आठवणीने काढून ठेवाव्यात, कारण त्या फुगल्या की पुन्हा बसत नाहीत.