डायशिवाय (साच्याशिवाय) प्लास्टिक शीट घडवताना: ती कुठे ताणली जाते, कशी फाटते

इन्क्रिमेंटल फॉर्मिंगमध्ये शीटच्या कडा फ्रेममध्ये आवळलेल्या असतात. गोल टोकाचे टूल सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) फेऱ्या मारत थोडे थोडे खाली उतरते आणि शीटला आकार देते. कडेचा माल आत सरकू शकत नाही, त्यामुळे उभी राहणारी भिंत पूर्णपणे जाडी खर्चून बनते. मूळ जाडीला भिंतीच्या आडव्या पातळीशी असलेल्या कोनाच्या कोसाइनने गुणले की उरलेली जाडी मिळते. २ मिमी शीट ६० अंशांवर १ मिमी उरते, ७५ अंशांवर जेमतेम अर्धा मिमी.

इथवर पत्रा आणि प्लास्टिक सारखेच. फरक असा की प्लास्टिक फाटण्याआधी बहुतेक वेळा खूण देते: रंग बदलतो, शीटवर आधी काढलेल्या रेषा वाकतात. तीन प्रकारचे बिघाड होतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. म्हणून तुटलेला नमुना न पाहता सेटिंग बदलत बसू नका.

पहिल्या चाचणीसाठी २ मिमी पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी किंवा एचडीपीई घ्या. फ्रेमचे तोंड १६० मिमी ठेवा आणि शीटखाली १४५ मिमी गोल भोकाची बॅकिंग प्लेट द्या. भोकाची कड २-३ मिमी त्रिज्येने गोल करा, नाहीतर पहिला तडा तिथेच जातो. शीटमधली बोल्टची भोके बोल्टपेक्षा किमान १ मिमी मोठी हवीत, त्यांच्या कडांवर बर (भोक पाडताना उरलेली खरखरीत कड) नको. पकड प्लेटच्या दाबाने येऊ द्या. बोल्ट भोकाच्या कडेला टेकला की पॉलिकार्बोनेट तिथून चिरते. टूल १२ मिमी व्यासाचे, अर्धगोल टोकाचे, पॉलिश केलेले. फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, १५०० मिमी प्रति मिनिट; प्रत्येक फेरीला खाली उतरण्याची स्टेप ०.५ मिमी.

स्पिंडलच्या, म्हणजे टूलला स्वतःभोवती फिरवणाऱ्या दांड्याच्या, वेगाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. टूल घासत न जाता लोळत जावे, असा वेग हवा. फीडला टूलचा परीघ आणि कोनाचा साइन यांच्या गुणाकाराने भागा: वरच्या आकड्यांत ६० अंशांसाठी सुमारे ४६ आरपीएम येतात. हजारांत फिरवले तर घर्षणाने शीट तापते. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडते, एचडीपीईचे कण सोलून टूलला चिकटतात. बेअरिंगवर मोकळे फिरणारे टूल मिळाले तर सर्वांत उत्तम.

वंगणात चूक केली तर बाकी सगळे बरोबर असूनही नमुना जातो. पॉलिकार्बोनेटला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांचा स्पर्शही नको. ताणाखाली ते जाळीसारखे तडकते. सिलिकॉन तेल चालते. एचडीपीईवर साबणाचे पाणी वापरले तर काम संपताच धुऊन टाका, कारण ताणलेल्या एचडीपीईला डिटर्जंट कालांतराने चिरतो. नवे वंगण आधी वाकवून बांधलेल्या पट्टीवर रात्रभर लावून पाहा.

चाचणीचा आकार नरसाळ्याचा ठेवा: वरचा व्यास १४० मिमी, भिंत १०० मिमी त्रिज्येच्या कमानीवर, सुरुवात ३० अंशांवर. खोली वाढते तसा कोनही वाढतो आणि एकाच नमुन्यात मर्यादा कळते. खोली १०० ने भागून ०.८६६ मधून वजा करा. उरते तो त्या जागेच्या कोनाचा कोसाइन. ४५ मिमीवर फाटले तर ०.४१६, म्हणजे सुमारे ६५ अंश आणि २ मिमी शीटची जाडी अंदाजे ०.८३ मिमी. खोली मात्र चिरेच्या जागीच मोजा, मशीनच्या आकड्यावर जाऊ नका: टूलचे टोक स्पर्शबिंदूच्या ३-४ मिमी खाली असते आणि तेवढ्याने उत्तर दोन अंशांनी फसवते.

सुरू करण्याआधी शीटच्या मागच्या बाजूला मार्करने मध्यापासून कडेपर्यंत बारा सरळ रेषा काढा. पुढचे निदान त्यांवरच उभे आहे.

चीर टूलच्या मार्गाला समांतर, भिंत आणि तळ जुळतात त्या वळणावर गेली आणि रेषा सरळ राहिल्या, तर शीट नुसत्या ओढीने फाटली आहे. भिंतीच्या उताराच्या दिशेने सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. पीव्हीसीत आधी पांढरा पट्टा दिसतो; आत सूक्ष्म पोकळ्या उघडल्याची ती खूण. इथे स्टेप ०.२५ मिमीवर आणा, तरी फाटले तर कोन कमी करा किंवा जाड शीट घ्या.

रेषा तिरक्या होऊन भिंतीवर पिळलेल्या कापडासारख्या सुरकुत्या आल्या, तर दोष घर्षणाचा. प्रत्येक फेरी मालाला थोडे एकाच दिशेने ओढते आणि पातळ भिंत ते पेलू शकत नाही. इथे स्टेप कमी केली तर फेऱ्या वाढतात आणि पीळही वाढतो, म्हणून पहिला उपाय इथे उलटा पडतो. एक फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पुढची उलट दिशेने असा मार्ग द्या. स्पिंडल चालवत असाल तर त्याची दिशाही सोबत बदला. मोठे टूल लावले असेल तर १०-१२ मिमीवर या.

तिसरा प्रकार भिंतीच्या मध्येच तिरकी चीर. ओढ आणि पीळ दोन्ही एकत्र आले की ती जाते. आधी पीळ काढा, मगच स्टेपला हात लावा. चिरेच्या उगमाशी ओरखडा आहे का, तेही भिंगाने पाहा.

नमुना न फाटता उतरला तरी लगेच सोडू नका. प्लास्टिक मोठ्या प्रमाणात मूळ आकाराकडे मागे येते आणि तळ मध्यभागी वर फुगतो. रात्रभर फ्रेममध्येच ठेवा, मोकळा केल्यावर लगेच मोजा आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. हा फरक पुढच्या प्रोग्रॅममध्ये जास्तीची खोली म्हणून घाला. थंड घडवलेला भाग उष्णतेजवळ वापरणार असाल तर आधी त्या तापमानात तासभर ठेवून मापे घ्या. पीव्हीसी ८० अंशांजवळ गेले की पुन्हा सपाट होऊ लागते.