छपराची गळती शोधायची कशी: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आपल्या खान्देशात छप्पर म्हटलं की मातीचं धाबं, कौल नाहीतर पत्रा. आता जळगाव-धुळ्याच्या बाहेरच्या फार्महाऊसवर, बंगल्यांच्या पोर्चवर शिंगल्स दिसायला लागल्यात. डांबराच्या पट्ट्या, वर रंगीत दगडी कणांचा थर. काम देखणं दिसतं, पण बसवणारे बहुतेक पत्र्याच्या कामातून आलेले असतात आणि पत्र्याचा हात शिंगलला चालत नाही. मग जून लागला की फोन सुरू: "भाऊ, पानी कथाईन येस?" म्हणजे पाणी येतंय कुठून? आयटीआय करून किंवा मिस्त्रीच्या हाताखालून जे या कामात येताहेत, त्यांना या प्रश्नाचं उत्तर शोधता यावं म्हणून लिहितोय.

आधी एक पक्कं धरा. आपल्याकडे छप्पर पावसात कमी आणि मे महिन्यात जास्त बिघडतं. पाऊस फक्त चहाडी करतो. भुसावळला सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो, मग उन्हातल्या छपराचं काय होत असेल बघा. 6 मीटरचा लोखंडी पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 3 मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. असं रोज. शिंगलखालचा प्लाय एकमेकाला घट्ट भिडवून ठोकला असेल तर फुगायला जागाच राहत नाही, सांधा वर उचलतो आणि खालून बघितलं तरी छपरावर सरळ रेघ उमटलेली दिसते. दोन प्लायमध्ये साधारण 3 मिलिमीटर फट सोडायची असते. पोर्चसमोर उभं राहून तिरप्या उन्हात नुसतं बघा, निम्मी तपासणी शिडी न लावताच होते.

उतारही खालूनच मोजून घ्या. 12 फुटांना 4 फूट चढ असेल तर निवांत. 2 ते 4 फुटांच्या मध्ये असेल तर खालचा डांबरी कागद दुहेरी पाहिजे. 2 फुटांपेक्षा कमी असेल तर तिथे शिंगल लावायलाच नको होती, आणि मालकाला ते स्पष्ट सांगावं लागतं. नकाशात छान दिसतं म्हणून सपाट पोर्चवर शिंगल चढवलेली मी पुष्कळ बघितलीत. त्यावर कितीही सीलंट ओता, गळणारच.

आता खिळे. नव्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. शिंगलवर खिळ्यांसाठी एक पट्टी आखलेली असते. खिळा त्या पट्टीत मारला तर तो वरच्या शिंगलबरोबर खालच्या ओळीच्या शिंगलची वरची कडही पकडतो. घाईत तो दीड-दोन इंच वर मारला की खालचीची पकड सुटते. बाहेरून काही कळत नाही, पण दोन उन्हाळ्यांत शिंगल उतारावरून खाली सरकायला लागते. एका शिंगलला निदान 4 खिळे, वाऱ्याच्या जागी 6. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे 4 वर भागवू नका.

खिळ्याचं डोकं शिंगलला टेकलेलं हवं, रुतलेलं नको. खिळे मारायच्या एअर गनचा दाब जास्त ठेवला की डोकं शिंगल फाडून आत जातं. दाब कमी असला की ते वर राहतं, वरच्या ओळीला उचलून धरतं, डांबराची चिकटपट्टी बसत नाही आणि पुढे तेच डोकं शिंगलमधून बाहेर डोकावतं. तपासायचं असेल तर सकाळी लवकर, छप्पर थंड असताना शिंगलची कड पातळ पट्टीने हळूच सोडवा. दुपारी उचलायला गेलात तर मऊ पडलेली शिंगल हातात फाटून येईल, वर बुटाने कण खरवडले जातील ते वेगळंच. आतून प्लाय उघडा दिसत असेल तर टॉर्च मारा: खिळ्यांची टोकं किंचित बाहेर आलेली हवीत. एखादंच टोक गंजलेलं आणि भोवती काळा डाग असेल तर पाण्याची वाट सापडली समजा.

वळचणीला सगळ्यात खाली एक आडवी सुरुवातीची पट्टी लागते. ती बरेच जण वाचवतात. मग पहिल्या ओळीच्या सांध्यातलं पाणी थेट प्लायच्या कडेला जातं आणि कड कुजते. बोटाने दाबून बघा, भुसभुशीत लागते.

पण खरी गळती बहुतेक वेळा शिंगलमध्ये नसतेच. ती असते छप्पर भिंतीला टेकतं त्या कोपऱ्यात, दोन उतार मिळतात त्या व्हॅलीत, आणि कुणीतरी नंतर पाडलेल्या भोकात. भिंतीलगत प्रत्येक ओळीबरोबर एक काटकोनी पत्र्याचा तुकडा जायला हवा, आणि त्याची वरची कड भिंतीत खाच मारून आत. आपल्याकडे गवंडी तिथे सिमेंटचा गोळा फिरवतो. पहिल्याच उन्हाळ्यात भिंत एकीकडे, छप्पर दुसरीकडे आणि मध्ये केसाएवढी चीर. भोकांचं म्हणाल तर डिश टीव्ही होताच, 2024 मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून सोलरचे स्टँडही आले. बोल्ट कुणी, कधी मारले, हे मालकाला आवर्जून विचारा.

शोधायची रीत अशी. थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी वासा धरून चार-पाच फूट चालत येतं, म्हणून डागापासून उताराच्या वरच्या बाजूला बघत जायचं. आतून डागाचं अंतर दोन भिंतींपासून मोजा, तेच वर जाऊन खडूने आखा. मग पाण्याचा पाईप. एक जण वर, एक जण आत टॉर्च घेऊन, फोन चालू. पाणी वळचणीपासून सुरू करायचं आणि एका पट्ट्यावर 10-15 मिनिटं थांबून मगच वर सरकायचं. थेट रिजवर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, पाणी सोडलं तर सगळं छप्पर भिजतं आणि काहीच कळत नाही. पाईपचं तोंड कधी खालून वर धरू नका, चांगली शिंगलही त्याने गळेल. ओल्या शिंगलवर पाय घसरतो, तेव्हा हार्नेस, म्हणजे दोराला बांधलेला सुरक्षा पट्टा, हवाच.

पाऊस नसताना डाग वाढतोय? मग छपराला हात लावू नका. एसीचा पाईप, सोलर हीटरचा जोड, टाकी, हे आधी बघा.

पत्र्याची कामंच जास्त मिळतील, त्यांच्यासाठी थोडक्यात: स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. रबरी वायसर चेपून बाहेर आला असेल तर तो जास्त आवळलाय. बाजूच्या जोडाचं उघडं तोंड नैर्ऋत्येला नको, पाऊस तिकडूनच येतो.

मालकाशी बोलताना आधीच्या मिस्त्रीचं नाव काढू नका, फोटो दाखवा. प्रत्येक फोटोत खडूची खूण आणि मोजपट्टी दिसली पाहिजे, नाहीतर उद्या तोच फोटो कुठल्याही छपराचा म्हणून खपेल. आणि तपासणीचे पैसे दुरुस्तीपासून वेगळे ठेवा, शिडी लावायच्या आधी सांगा. दुरुस्तीतूनच पैसे सुटणार असतील तर छोटी चीरही मोठी दिसायला लागते, आणि मालकालाही ते कळतं.