मुंबई परिसराची सहल कशी आखावी

मुंबई आणि भोवतालची प्रेक्षणीय स्थळे निवांतपणे पाहायची असतील, तर ठिकाणांची यादी करण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार आणि भरती-ओहोटीची वेळ पाहावी.

घारापुरी आणि कान्हेरी या दोन्ही लेण्या सोमवारी बंद असतात. तो दिवस दक्षिण मुंबईला द्यावा. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, तर पश्चिमेला आर्ट डेको शैलीतील निवासी इमारतींची रांग आहे. 2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळालेला हा परिसर पायीच पाहावा.

घारापुरीसाठी गेटवे ऑफ इंडियाहून सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी गाठावी, कारण तासाभराचा प्रवास आणि नंतरच्या पायऱ्या उन्हे चढण्याआधी झालेल्या बऱ्या. मुख्य लेण्यातील शिवाच्या त्रिमूर्तीसमोर, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, शांत उभे राहावे. मग मधल्या ध्यानस्थ मुखाच्या एका बाजूचे उग्र अघोर रूप आणि दुसऱ्या बाजूचे सौम्य वामदेव रूप यांतील फरक हळूहळू उलगडतो. सुमारे 20 फूट उंचीच्या या शिल्पापुढे केवळ छायाचित्र काढून निघून जाणाऱ्यांची मला खरोखर हळहळ वाटते. कान्हेरीला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून जावे लागते. तेथे शंभराहून अधिक लेणी असल्याने अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाबरोबरच (बौद्ध प्रार्थनागृहाबरोबरच) कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढीही (टाकीही) आवर्जून पाहाव्यात.

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याला मात्र पाण्याचा हिशोब चुकवून चालत नाही. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पूर्ण ओहोटीच्या थोडे आधी वाळूतून चालत किल्ल्यात जावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसे ओसरत नाही, म्हणून पायी जाण्यासाठी ते दिवस टाळावेत. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारणे आवश्यकच आहे.

चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला लोकलने वसई रोडला उतरून सहज पाहता येतो. फक्त रविवारी निघताना मेगाब्लॉकची, म्हणजे रेल्वेच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद असण्याच्या वेळेची, माहिती घ्यावी. हिवाळ्यापासून ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात, आणि ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या फेऱ्याही भरतीवरच ठरतात. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचसेवा बंद असते. त्या काळात अलिबागला जायचे असल्यास भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या, वाहनेही नेणाऱ्या रो-रो बोटीची चौकशी करावी किंवा रस्त्याने जावे.