मोजे घेतलेत का? लहान मुलांना सिनेमाला नेण्याआधीची तयारी

मोजे. आधी मोजे बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. कोरडे, सुती, घोट्याच्या वर येणारे, दर मुलामागे एक जोड आणि वर एक जोड जास्तीचा. मागच्या पावसाळ्यात बाकी सगळं नेलं, एवढंच राहिलं, आणि मध्यंतराला उठून घरी यावं लागलं. म्हणून ही यादी मोज्यांपासून सुरू होते आणि मधूनमधून मोज्यांवरच येणार आहे.

मुंबईतल्या मुलांकडे गरम कपडे नसतातच. असला तर एखादा स्वेटर, तोही कधीतरी महाबळेश्वरला जाताना घेतलेला, माळ्यावरच्या बॅगेत, आणि आता बाह्या कोपराशी येणारा. पावसाळ्यात पोरं रबरी सँडल घालून स्टेशनपासून साचलेल्या पाण्यातून चालत येतात आणि ओल्या पायांनीच थिएटरात शिरतात. आत एसी. चार-पाच वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते दोन तास लोंबकळत राहतात आणि कातडीवरचं पाणी उडून जाताना पाय आणखी गार पडतात. त्यात सकाळच्या शोला गर्दी नसते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे भरलेलं थिएटर उबदार वाटतं आणि रिकामं थिएटर कुडकुडवतं. थंडीत शूही जास्त लागते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे वळतं आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर काढू लागतात. पहिला पाऊण तास पडद्यावर लक्ष असल्याने मूल काही बोलत नाही. मग चुळबुळ सुरू होते, मग ते मांडीवर येतं, दोनदा शू म्हणतं, आणि शेवटी ‘घरी जाऊ या.’ आपण समजतो, सिनेमा आवडला नाही. अशा वेळी आधी पायाला हात लावून बघा.

आता सिनेमा. ‘मुलांचा आहे’ एवढं पुरेसं नाही, सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) तीन भाग झाले आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे आकडे पालकांसाठी मार्गदर्शन म्हणून आहेत, दारावर कोणी मुलाचं वय तपासून परत पाठवणार नाही. म्हणजे ठरवायचं आपल्यालाच. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) असेल तर मात्र १८ खालच्या मुलांना आत सोडत नाहीत. शिवाय ‘यू’ (सगळ्यांसाठी) मिळालेल्या सिनेमातही मुलांना घाबरवणारं पुष्कळ असतं. सहा-सात वर्षांखालची मुलं दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, मोठे दात, चांगल्या माणसाचं डोळ्यांदेखत राक्षसात रूपांतर. ‘ते खोटं आहे’ हे समजावून त्या वयात काही उपयोग होत नाही, हात धरल्याने होतो. आणि आई हरवणं, आई मरणं हे तर लहान मुलांच्या सिनेमांत सर्रास येतं. ट्रेलर स्वतः बघा, गोष्ट वाचून घ्या, आणि घाबरवणारा भाग कुठे येतो हे माहीत करून घ्या. गोष्ट मुलाला आधी सांगितली तरी चालते. लहानांना पुढे काय होणार ते माहीत असलेलं आवडतं, म्हणून तर तेच पुस्तक रोज रात्री वाचायला लावतात.

लांबी. सिनेमा ९५ मिनिटांचा असेल तर हिशेब ९५ चा करू नका. आधी जाहिराती आणि ट्रेलर १५ ते ३० मिनिटं, मध्यंतर १० ते १५, म्हणजे दोन तासांच्या वर सहज जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाला ९० मिनिटांहून मोठा सिनेमा पहिल्यांदाच दाखवू नका.

भाषा तिकीट काढतानाच तपासा. एकाच ॲनिमेशनपटाचे इंग्रजी आणि हिंदी असे दोन्ही शो लागलेले असतात, ॲपवर वेळ बघून घाईत दाबलं की चुकीचं तिकीट निघतं. पाच वर्षांचं मूल सबटायटल वाचू शकत नाही आणि दोन तास कानात भाषांतर करत बसलात तर मागच्या रांगेतले उठतील. २डी घ्या. ३डीचे चश्मे मोठ्यांच्या मापाचे असतात, छोट्या नाकावरून घसरतात, आणि चश्मा काढला की पडदा धूसर. हलणाऱ्या खुर्च्यांचा प्रकार या वयाला नकोच.

तिकीट बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षं पूर्ण झाली की लागतं. त्याहून लहान मांडीवर.

जागा निवडताना नकाशात पडदा कोणत्या बाजूला दाखवलाय ते आधी बघा. सगळीकडे ‘ए’ रांग एकाच टोकाला नसते. पुढच्या रांगा नकोत. भिंतीलगतची टोकं आणि अगदी शेवटची रांगही नको, कारण आजूबाजूचे स्पीकर तिथेच टांगलेले असतात. मधल्या पट्ट्यात, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची सगळ्यात बरी, म्हणजे उठायला कुणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. मूल वाटेच्या टोकाला नको, तिथे आपण. रिक्लायनर (बटणाने मागे झुकणारी खुर्ची) असेल तर बटण मुलाच्या हाती देऊ नका आणि खाली पडलेलं काही काढायला त्याला खुर्चीखाली घुसू देऊ नका. पायांची फळी मिटताना बोटं सापडतात. साध्या घडीच्या खुर्चीची अडचण वेगळी. मूल हलकं असलं की पुढची कड वर उचलली जाते आणि पोर मधोमध दुमडलं जातं. त्याच्या गुडघ्यांखाली, खुर्चीच्या पुढच्या कडेवर, भरलेली बॅग ठेवा. वजन पुढे आलं की खुर्ची उघडी राहते. राष्ट्रगीताला उभं राहून पुन्हा बसताना हीच खुर्ची बोटं चिमटते, तेव्हा ती आधी आपण दाबून धरायची.

या बॅगेतच मोजे. खुर्चीत बसल्याबरोबर, दिवे चालू असतानाच, सँडल काढा, रुमालाने बोटांच्या बेचक्यांसकट पाय पुसा आणि मोजे चढवा. ‘थंडी वाजली की घालू’ असं म्हणू नका. अंधारात वळवळणाऱ्या ओल्या पायात मोजा जात नाही. वर पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा आईची ओढणी चालेल, पण पायाला मोजाच लागतो. ओढणी पायावरून घसरते.

आवाजाबद्दल मात्र नीट वाचा. चित्रपटगृहाचा ध्वनी ज्या मानकावर बेततात त्यात मुख्य स्पीकरची सरासरी पातळी ८५ डेसिबल धरतात आणि त्यावर २० डेसिबलची मुभा असते, म्हणजे एका स्पीकरमधून स्फोट किंवा गर्जना १०५ पर्यंत जाऊ शकते. सगळी थिएटरं तेवढ्या पातळीला लावत नाहीत, पण ट्रेलर बऱ्याचदा सिनेमाहून मोठ्याने वाजतात. कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत, ते फार थोडा आवाज अडवतात आणि अर्धा बोळा कानात राहिला तर डॉक्टरकडे जावं लागतं. कान पूर्ण झाकणारे, मुलांच्या मापाचे इअरमफ घ्या. खोक्यावर २२ ते २७ डेसिबल घट असं लिहिलेले मिळतात. संवाद त्यातूनही ऐकू येतात. पण ते थिएटरातच पहिल्यांदा डोक्यावर चढवले तर मूल ओढून फेकेल. आठवडाभर आधी घरी, रोज दहा मिनिटं, मिक्सर चालू असताना घालायला द्या. गणपतीच्या मिरवणुकीत आणि दहीहंडीला हेच कामाला येतात, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

उशिरा आत शिरून ट्रेलर चुकवावेत असं वाटेल, पण अंधारात पायऱ्या चढायला नवखं मूल दारातच अडून बसतं. दिवे चालू असताना शिरा आणि ट्रेलरला इअरमफ घाला. कुटुंबासाठीच्या सिनेमात कुणी सिगारेट ओढताना दिसत असेल, तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवावी लागते. तिच्यातली तोंडाच्या कर्करोगाची दृश्यं लहान मुलं विसरत नाहीत. त्या वेळी मुलाचं तोंड आपल्याकडे वळवा आणि पाण्याची बाटली हातात द्या.

सराव हवा. दोन तासांच्या अंधाराआधी कमी अंधार दाखवा. दादरचं शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याचं दीनानाथ इथे बालनाट्य लागलं की न्या, समोर खरी माणसं असतात आणि पोरांनी मधेच ओरडलं तरी कुणी रागवत नाही. वरळीचं नेहरू तारांगणही चांगलं, तिथले खेळ सिनेमाहून बरेच छोटे असतात. चालू आहे का ते निघण्याआधी बघा, सोमवारी बंद असतं. तेही जमत नसेल तर घरी पडदे ओढून चाळीस मिनिटं काहीतरी बघा, मधे न थांबवता. घरी सवय ‘थांबव’ म्हणायची असते. थिएटरात थांबवता येत नाही, हे पहिल्यांदा तिथेच कळलं की रडारड होते. एसी असेल तर २२ वर ठेवून सराव करा, मोजे किती वेळ पायात राहतात तेही कळेल. काही मुलं मोजे दहा मिनिटांत काढतात, त्यांच्यासाठी घट्ट काठाचे घ्या.

खाणं. बाहेरचे पदार्थ आत न्यायला मनाई करायचा अधिकार थिएटरला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या-लहान मुलांसाठी आईबापांनी आणलेलं बेताचं खाणं अडवलं जात नाही, हेही नोंदवलं. तेव्हा बाळाचा डबा निःसंकोच न्या, दारावर शांतपणे सांगा. मोठ्यांनी घरून वरण-भात खाऊन निघावं. चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न देऊ नका. अर्धवट फुटलेला दाणा श्वासनलिकेत अडकतो, आणि अंधारात, हसता हसता खाताना तर फारच. चणे-शेंगदाण्यांचंही तेच. शेजारच्याच्या हातात टब दिसल्यावर पोर मागणारच, म्हणून डब्यात केळं किंवा मऊ काहीतरी हवं.

वेळ सकाळी दहा-अकराची. दुपारची झोप मोडली तर सिनेमा वाया. रविवारी निघण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात तो) बघा! तो साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, म्हणजे जाताना गाडी मिळते आणि येताना दमलेलं मूल कडेवर घेऊन गर्दीच्या फलाटावर उभं राहावं लागतं. पाऊस जोराचा असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, घरी बसा. थिएटर मॉलच्या वरच्या मजल्यावर असतं, सुट्टीच्या दिवशी लिफ्टला रांग, त्यासाठी पंधरा मिनिटं जास्तीची धरा. वाटेत खेळण्यांचं दुकान लागणारच. ‘आज तिथे जायचं नाही’ किंवा ‘परतताना पाच मिनिटं’, जे काही असेल ते घरातून निघताना सांगा, दुकानासमोर नाही.

शू तीनदा: घरी, आत शिरण्याआधी, आणि मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी. मध्यंतर साधारण लांबीच्या मध्यावर पडतं, घड्याळ लावून ठेवा, कारण दिवे लागल्यावर रांग लागते. हात वाळवायचं यंत्र आणि आपोआप धावणारा फ्लश यांच्या आवाजाला मुलं दचकतात, खिशात कागदी रुमाल ठेवा. परत येऊन बसल्यावर पाय तपासा. स्वच्छतागृहाच्या ओल्या लादीवर मोज्यांनी गेलं असेल तर मोजे भिजलेले असतात, आणि भिजलेला मोजा न घातल्याहून वाईट. जास्तीचा जोड यासाठीच सांगितला होता. तो घाला.

मधेच उठायचं ठरलं तर उठा. ‘पैसे दिलेत, बस’ म्हटलं की मूल पुढच्या वेळी यायलाच नको म्हणतं. दोन मोठी माणसं असतील तर कोण मुलाला घेऊन बाहेर जाणार हे आधी ठरवा.

बाकी नेहमीचंच. पाणी, ओले रुमाल, एक चड्डी, एक पँट, ओले कपडे ठेवायला पिशवी, मोबाइल चार्ज केलेला पण बंद.

संपल्यावर घाई नको, सगळे गेल्यावर उठा. मोबाइलच्या उजेडात खुर्चीखाली बघा. बाटली, इअरमफ, सँडल. मोजे मोजा, एक तरी खुर्चीच्या फटीत गेलेला असतो. घरी आल्यावर धुवा, वाळले की कपाटात नको, त्याच बॅगेत परत टाका.